डोहाचं उसनं

झालं असं, की एका गावाला एक डोह होता आणि तो उसनं द्यायचा. काठावर नारळ ठेवून मागितलं, की ज्वारीने भरलेला हंडा वर यायचा. पायली घेतली तर अमावास्येला सव्वा पायली परत करायची. नाही केली तर डोह भांडायला यायचा नाही, बरं का. घरातला विस्तव न्यायचा.

त्या गावात राघू कासार बांगड्या विकायचा. त्याने मुलाचं लग्न काढलं आणि तीन दिवस गावजेवण घातलं, सगळं डोहाच्या जिवावर. मग पहिला हंडा फेडायला दुसरा काढला, दुसरा फेडायला तिसरा. एका अमावास्येला फेड कमी पडली, तर तुळशीपुढची पणती पेटेना. पुढच्या अमावास्येला देवघरातली समई गेली. आता उरली चूल.

राघू पुन्हा नारळ घेऊन निघाला. तेव्हा नवी सून गिरजा पहिल्यांदा बोलली.

"मामंजी, डोहाचंच धान्य डोहाला घालतोय आपण. वरचा पाव तेवढा आपल्या ताटातला जातो."

"सून बोलत नाही असं सांगितलं होतं मला," राघू म्हणाला. पण नारळ खाली ठेवला.

मग गिरजेचा नवरा लांबच्या बाजारांना जाऊ लागला. सणाच्या पंगती बंद झाल्या. आणि रोज दळायला बसताना गिरजा धान्य बाजूला काढायची. थोडं डोहाचं, आणि एक मूठ रांजणात.

सासू म्हणाली, "डोहाचं कळलं. ही मूठ कुणाची गं?"

"अडीनडीची."

"ती कधी यायची?"

"सांगून येत नाही, आत्याबाई. म्हणून आधी काढून ठेवते."

चूल धुमसली, विझत आली, पण विझली नाही. थोडं थोडं का होईना, डोहाला पोचत होतं. मग समई पेटली. मग पणती पेटली. डोहाचं उसनं फिटलं. गिरजा मात्र रांजणात मूठ टाकतच राहिली.

मग आलं सिंहस्थाचं वर्ष. त्या वर्षी लग्नं लावत नसत. लग्न नाही तर चुडा नाही, आणि चुडा नाही तर कासाराला कोण विचारतो?

एका संध्याकाळी डोह स्वतःच दारात आला. पाणी उंबऱ्याला लागलं, वर हंडा तरंगत होता.

"घ्या," डोह म्हणाला. "सव्वाचं मग बघू."

राघूचा हात पुढे गेला. मग त्याने रांजणाकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

गिरजा म्हणाली, "घरात आहे आमच्या. आज पिठलं-भाकरी केलीय, बसा जेवायला."

डोहाला आजवर कुणी जेवायला बसवलं नव्हतं. तो गोंधळला. अर्धी भाकरी खाल्ली. हात धुवायला पाणी काही लागलं नाही त्याला. मग आपला हंडा घेऊन मुकाट्याने परत गेला.

रांजण तळाला गेला तोवर सिंहस्थ सरलं. लग्नं निघाली, बांगड्या खपल्या. गिरजेने रांजण पुन्हा भरायला घेतला. सगळी जेवली आणि वेळेवर झोपली.

तुम्हीही झोपा आता. दारात कुणी आलं तर मी बघते.