लोकरीची तीट

आटपाट नगर नाही हो, डोंगर होता नुसता. वर चार घरांची वाडी. कुंदे, बाहीची कुरकुर मागाहून, आधी पाय पांघरुणात घे.

तर वाडीत गोजरा नावाची पोर होती, तुझ्याएवढी. तिची आई आजारी पडली. अंथरुणात पडल्या पडल्या तिनं गोजरासाठी स्वेटर विणला. सगळे टाके सुलटे, पण डाव्या मनगटाशी एकच टाका उलटा. मुद्दाम हं. तुमच्या गालाला तीट लावते ना मी, तशी ही लोकरीची तीट. 'माझ्या पोरीला दृष्ट नको लागायला,' म्हणाली, आणि तिथंच गाठ मारून ठेवली. मग दोन दिवसांनी ती गेली.

गोजरा तो स्वेटर अंगावेगळा करीना. आईची आठवण आली की बोटानं तीट चाचपायची.

मग एकदा डोंगरावर धुकं उतरलं. भरदिवसा आपला हात आपल्याला दिसेना. त्या धुक्यात एक बाई राहायची, बरं का. पोरांना नवे स्वेटर द्यायची. जुना काढून तिचा घातला, की पोर तिचं झालं.

गोजरा शेळी शोधायला गेली नि वाट चुकली. कुणीतरी म्हणालं, 'पोरी, हा मखमलीचा घे.' गोजरानं अंगातला घट्ट धरला. जरा पुढं गेली. 'पोरी, हा जरीचा घे.' तिनं नुसती मान हलवली. मग धुकं बाजूला झालं. वाडीतली हरवलेली पोरं तिथं रांगेनं उभी. अंगात नवेकोरे स्वेटर, आणि एकाचीही पापणी लवत नव्हती.

पुढं आई उभी होती. तेच लुगडं, तोच आवाज. 'गोजरे, विटला गं तो. हा बघ, तस्साच नवा विणलाय. काढ जुना.'

गोजराला रडू फुटलं. केवढी वाट बघितली होती तिनं आईची. उजवी बाही काढलीसुद्धा. मग सवयीनं नव्या स्वेटरच्या मनगटावर बोट फिरवलं. सगळे टाके सुलटे.

'तीट कुठंय?' तिनं विचारलं.

'कसली तीट? एक टाका चुकलेला नाही त्यात.'

'मग तू माझी आई नाहीस,' गोजरा म्हणाली.

बाईचा चेहरा विरला. नुसते हात उरले. त्या हातांनी गोजराची डावी बाही धरून ओढली. टाके सरसर सुटत चालले. एक बोट बाही उसवली, दोन बोटं उसवली. मग तीट आली. गाठ काही सुटेना. ओढून ओढून हात दमले, नि विरून गेले.

धुकं फिटलं. पोरांनी डोळे मिचकावले, अंगातले स्वेटर दव होऊन ओघळले, आणि ती कुडकुडत आपापल्या आयांकडे पळाली. सगळे सुखात राहिले.

गोजरा म्हणजे माझी आजी. स्वेटर तिनं घातला, माझ्या आईनं घातला, मी घातला. उसवलेली दोन बोटं मात्र कुणी पुन्हा विणली नाहीत. म्हणून तुझी डावी बाही आखूड आहे, कुंदे. चाचप बघू मनगटाशी. लागली ना गाठ?

आता मिटा डोळे. आणि बाहेरून कुणी माझ्या आवाजात हाक मारली, तरी उठायचं नाही.