चोचीच्या मापाची फट

पूर्वी वाराणसीत एक राजा राज्य करीत होता. राजाचा या गोष्टीशी फारसा संबंध नाही. पण कोणीतरी नीट राज्य करीत असल्याशिवाय अरण्यातल्या पाखरांना संसार थाटायला उसंत मिळत नाही. तर त्याच्या राज्याच्या उत्तरेकडील अरण्यात बोधिसत्त्व धनेश पक्ष्यांच्या कुळात जन्मला होता. धनेश म्हणजे करड्या पंखांचा मोठा पक्षी. त्याची चोच लांब आणि बाकदार असते, आणि तिच्यावर शिंगासारखा एक उंचवटा असतो. जणू कोणी घाईघाईत दोन चोची बसवल्या आणि त्यातली एक काढायची राहून गेली. बोधिसत्त्वाचे वय झाले होते. बायको वारली होती, पिल्ले आपापल्या रानात गेली होती. सगळे अरण्य त्याला 'तात' म्हणत असे.

तातांच्या शेजारच्या सावरीच्या झाडावर शिरीषा नावाची तरुण धनेशी नव्याने राहायला आली होती. तिचे बालपण नगराच्या वेशीवर, एका आचार्यांच्या अंगणातल्या झाडावर गेले होते. शिष्य खाली बसून पाठ म्हणत आणि शिरीषा वर बसून ते ऐके. परावलंबन हे सगळ्या दुःखांचे मूळ, असे तिने तिथे ऐकले होते. ऐकलेले विसरायची तिला सवय नव्हती.

आता धनेशांची रीत अशी, की अंडी घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. नर चिखल आणून देतो, ती चोचीने थापते. एक फट तेवढी मोकळी राहते. त्या फटीतून नराने फळे भरवायची आणि तिने आत बसून अंडी उबवायची. आत असताना तिची उडायची पिसे झडून जातात. नवी फुटली आणि पिल्ले जरा थोराड झाली, की मग ती भिंत फोडून बाहेर येते. तोवर सगळा संसार दुसऱ्याच्या चोचीवर.

शिरीषाला ही रीत मुळीच पटली नव्हती.

"अहो, ऐकलंत का?" ती नवऱ्याला म्हणाली. "इतके दिवस मी नुसतं तुमच्या तोंडाकडे बघत बसायचं?"

"तोंडाकडे नाही गं, चोचीकडे," दीर्घक म्हणाला. तो स्वभावाने गरीब होता आणि प्रश्नाचे सरळ उत्तर देत असे, त्यामुळे घरात पुष्कळदा अडचण होई.

शिरीषाने ठरवले की सगळी उंबरे आधीच ढोलीत भरून ठेवायची, म्हणजे कोणाकडे मागायला नको. दीर्घकाने दिवसभर उंबरे वाहिली. ढोली गळ्यापर्यंत भरली आणि मग शेपूट कुठे ठेवायची, हा प्रश्न उभा राहिला. सकाळपर्यंत उंबरे आंबली, त्यांचा वास मुंग्यांना लागला, आणि मुंग्यांनी आपापल्या नातेवाइकांना कळवले. दीर्घकाने मग ती सगळी उंबरे एकेक करून खाली टाकली.

समोरच्या फांदीवरची साळुंकी हे सगळे बघत होती. साळुंकीचे घर त्या एका फांदीवर, पण लक्ष सगळ्या अरण्यावर.

"पहिलीच खेप ना तुझी?" ती म्हणाली. "तरीच! उंबरं कुणी साठवतं होय? आमची धाकटी सूनसुद्धा एवढी खुळी नव्हती. आणि हे बघ, भिंत जाड घाल. आणि आत वाळकं गवत घाल. आणि अंड्याला वारा लागू देऊ नकोस. पण कोंदटही करू नकोस हं."

"हो काकू," शिरीषा म्हणाली आणि मनात म्हणाली, आता ही बया रोज फटीतून चोच घालून मला शहाणपण शिकवणार. बिचारीच्या मनात आधीच भीतीचे घर होते. अंडे फुटलेच नाही तर? फुटले आणि पिल्लू नीट निघाले नाही तर? आपल्याला हे जमेल की नाही, हे तिचे तिलाच ठाऊक नव्हते, आणि ते इतर कोणाला कळू नये याची तिला फार काळजी होती.

म्हणून तिने एक युक्ती काढली. दार लिंपताना तिने दीर्घकाला बाहेर उभे केले, त्याच्या चोचीचे टोक आत घालायला लावले आणि त्याभोवती आतून चिखल थापायला सुरुवात केली.

"हलू नका."

"हं."

"बोलूही नका. माप बिघडतं."

चिखल सुकेपर्यंत दीर्घक भिंतीत चोच अडकवून तसाच उभा राहिला. एक खार त्याला खांब समजून वर चढून गेली. संध्याकाळी त्याने चोच ओढून काढली, तेव्हा फट बरोबर त्याच्या चोचीच्या मापाची झाली होती. साळुंकीचे डोके सोडाच, तिचा सल्लाही जेमतेम आत गेला असता.

तात फिरत फिरत तिकडे आले. त्यांनी फट बघितली.

"सूनबाई, जरा रुंद ठेवली असतीस तर?"

"तात, आमचं आम्ही बघू," शिरीषा आतून म्हणाली. "कुणाचे उपकार नकोत आम्हाला."

"बरं," तात म्हणाले, आणि जवळच्या फांदीवर पिसे साफ करीत बसले.

शिरीषाने नवऱ्याला आणखी एक ताकीद दिली. अरण्यातल्या मोठ्या उंबरावर जायचे नाही. तिथे सगळे जमतात, 'वहिनींचं कसं चाललंय' म्हणून विचारतात आणि वर आपली फळे पुढे करतात. नदीपलीकडे एकटा पिंपळ आहे, तिथून आणायचे. दीर्घक नदीपलीकडे जाऊ लागला.

अंडी फुटली. दोन पिल्ले निघाली. उघडी, गुलाबी, डोळे मिटलेली आणि सदान् कदा भुकेली. पिल्लू ओरडले की शिरीषा घाबरे, आणि गप्प बसले की जास्त घाबरे. झोपले की श्वास चालू आहे ना, हे बघायला ती त्याला उठवी, आणि उठले की का उठवले म्हणून स्वतःला बोल लावी. पण दीर्घकाची चोच वेळेवर फटीतून आत येई, आणि दिवस पार पडे.

मग एके दिवशी ती चोच आली नाही.

सकाळ गेली, दुपार गेली. समोरून साळुंकीने विचारलेच, "काय गं, आज दिसले नाहीत ते?"

"कामात असतील."

"धनेशाला कसलं आलंय काम?"

दुसऱ्या दिवशीही दीर्घक आला नाही. धाकट्या पिल्लाचे ओरडणे बारीक होत गेले. दार फोडून बाहेर पडावे, तर उडायला पिसे नव्हती, आणि सावरीच्या बुंध्यावर एक घोरपड कालपासून उगाचच ऊन खात पडली होती. दार सताड उघडले असते, तर तिला तेवढेच हवे होते.

तात चोचीत पिकलेले उंबर घेऊन आले. त्यांनी फटीत चोच घालून पाहिली, पण म्हातारपणाने जाडावलेली ती चोच आत जाईना. तिरकी करून पाहिली, उलटी करून पाहिली. उंबर भिंतीवर फुटले आणि खाली पडले. आतून शिरीषाने ते पडताना पाहिले. साळुंकीने एक अळी आणली. पण भिंत जाड आणि तिची चोच आखूड, त्यामुळे अळी निम्म्या वाटेतच अडकली.

"राहू द्या तात," शिरीषा म्हणाली. "हे येतीलच."

तेवढ्यात धाकटे पिल्लू ओरडायचे थांबले. ती खाली वाकली. श्वास चालू होता. पण पिल्लाने चोच उघडायचे सोडून दिले होते.

तिने पिल्लाला पोटाशी घेतले. मग फटीशी येऊन म्हणाली, "तात, तुम्ही बाहेरून टोचा मारा. मी आतून मारते. फट रुंद करायची आहे." आणि जरा थांबून अगदी हळू म्हणाली, "पण मी हे फेडू कशी?"

दुसरा कोणी असता, तर 'फेडायचं काय त्यात' म्हणून मोठेपणा घेऊन मोकळा झाला असता. बोधिसत्त्वाने तसे केले नाही. तो सरकून फटीच्या समोर, तिच्या डोळ्यांच्या बरोबरीला बसला.

"माझी एक अडचण आहे," तो म्हणाला. "नजर अधू झाली आहे. फळ तोडताना मागे ससाणा आला की बुलबुल आला, मला कळत नाही. परवा एका बुलबुलाला भिऊन मी झुडपात लपून बसलो. तुझ्या ढोलीतून सगळा उतार दिसतो. काही दिसलं तर हाक मारशील?"

शिरीषाने त्याच्याकडे रोखून पाहिले. "खरं सांगताय, की माझं मन राखताय?"

"दोन्ही," बोधिसत्त्व म्हणाला. "माझी बायको ढोलीत असताना मला वाटायचं, हिला मीच जगवतो आहे. ती गेल्यावर संध्याकाळी कुठे परतायचं हेच मला कळेना. मी रात्रभर भलत्याच झाडावर बसून राहिलो. तेव्हा हिशेब नको करूस, पोरी. तू आधी टोच मार."

दोघांनी दोन्हीकडून टोचा मारल्या. वाळलेल्या चिखलाचा एक टवका निघाला, मग दुसरा. तातांची चोच मावेल आणि घोरपडीचे डोके मावणार नाही, एवढी फट झाली. पहिले उंबर धाकट्याच्या घशात उतरले. क्षणभर काहीच झाले नाही. मग ते असे काही ओरडले की शिरीषाच्या डोळ्यांना पाणी आले आणि साळुंकीने कान झाकले.

त्या दिवसापासून फटीपाशी रहदारी सुरू झाली. तात उंबरे आणत, बुलबुल बोरे आणी. साळुंकी अळ्या आणी आणि पूर्ण डोके आत घालून म्हणे, "बाई बाई, काय हा पसारा!" शिरीषा अळी पिल्लांना देई आणि बोलणे स्वतः गिळी. पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिचा डोळा उतारावर असे. ससाणा दिसला की ती हाक मारी. धनेशाचा आवाज मुळात गोड नसतो, आणि शिरीषाचा तर झाड सालीसकट हलवणारा होता. सगळे अरण्य झटक्यात पानाआड जाई. घोरपड त्या आवाजाला कंटाळून दुसरीकडे राहायला गेली. शेवटी साळुंकीसुद्धा बाहेर जाताना म्हणू लागली, "अगं, माझ्या अंड्यांकडेही जरा बघ. तुझ्याशिवाय कुणावर सोडू?"

असे दिवस गेले. शिरीषाला नवी पिसे फुटली. एका सकाळी उतारावर तिला काहीतरी हलताना दिसले. ससाणा नव्हता, घोरपडही नव्हती. एक धनेश चक्क चालत येत होता.

दीर्घक होता तो. पिंपळाच्या फांदीला व्याधाने चीक लावला होता, त्यात तो चिकटला. व्याधाने त्याचे पंख छाटून त्याला अंगणात बांधून ठेवले. पण त्याचे खाणे पाहून व्याधाची बायको म्हणाली, "हे पाखरू ठेवायचं, तर आपण कुठे खायचं?" आणि तिने दोरी सोडून दिली. तिथून तो पायी निघाला होता. झाडाखाली येऊन तो मुळाच्या आड बसला.

"तात, तिला सांगू नका," तो खाली उतरून आलेल्या तातांशी कुजबुजला. "पंख फुटेपर्यंत मी इथेच बसेन. कुणाला माझा त्रास नको."

"ऐकू येतंय मला!" वरून आवाज आला.

शिरीषाने चार टोचांत भिंत पाडली आणि बाहेर आली. उडण्यापूर्वी तिने मागे वळून पाहिले, तर दोन्ही पिल्ले पडलेला चिखल गोळा करून दार पुन्हा लिंपीत होती.

"अरे, हे काय?"

"तू जा गं आई," मोठे म्हणाले. "आत तुझ्यामुळे पाय पसरता येत नव्हते."

एवढीशी पोरे, आणि आईच्या तोंडावर दार लावतात! तिला रडू येत होते की हसू, ते तिलाच कळेना.

धाकट्याने आतून डोळा लावून विचारले, "आई, तुझी चोच एवढ्यात मावेल ना?"

"मावेल," ती म्हणाली. मग उंबरावर जाऊन तिने फळ आणले, आधी वर दिले, आणि दुसरे घेऊन खाली मुळाशी उतरली. दीर्घक मान फिरवून बसला होता. ती त्याच्या समोर, बरोबरीने बसली.

"अहो," ती म्हणाली, "आ करा."

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, श्रावस्तीजवळच्या एका विहारात सांगितली. सभेत त्या दिवशी एक तरुण उपासिका तान्हे मूल घेऊन आली होती. शेजारणींनी घ्यायला हात पुढे केले तरी ती मूल कोणाकडे देईना, आणि ते रडत असल्यामुळे तिला धर्माचे एक अक्षर ऐकू येईना. शास्ते म्हणाले, "तेव्हाची शिरीषा म्हणजे ही उपासिका. तेव्हाचा दीर्घक म्हणजे बाहेर तिच्या पादत्राणांजवळ उभा असलेला तिचा पती. त्या जोडीत काही बदल झालेला नाही. तेव्हाचा वृद्ध धनेश मीच होतो." साळुंकी कोण, हे मात्र कोणी विचारले नाही, कारण मागून एक आवाज आलाच: "अगं, बाळाच्या डोक्यावर काही घाल आधी!"

सभा हसली. उपासिकाही हसली, आणि वळून तिने मूल त्याच बाईच्या मांडीवर दिले. मूल आणखी थोडे रडले आणि मग झोपले. देताना वर न बसणे आणि घेताना खाली न बसणे, याला शास्त्यांनी समानात्मता म्हटले, आणि बोधिसत्त्वाने त्या जन्मी तीच आचरली होती.