पाळण्यापाशचा कोरा कागद

मंडळी, एक सांगा. तुमच्या जिवावरची गोष्ट कागदावर उतरवायची आहे आणि दारात दोन माणसं उभी आहेत. एक जन्मापासून गुणी म्हणून नावाजलेला. दुसरीच्या बोटांना धूळपाटीवर अक्षरं गिरवल्याची धूळ अजून चिकटलेली. विश्वास कुणावर ठेवाल? घाई नको. माल बघितल्याशिवाय भाव बोलू नये.

फार जुन्या काळी, म्हणजे इतक्या जुन्या की त्या वेळच्या राजाचं नाव नाणी झिजून झिजून पुसलं गेलं आहे, एका नदीकाठी एक गाव होतं. जमीन खडकाळ, पीक बेताचं. गाव जगायचं ते बुधवारच्या बाजारावर.

त्या गावची एक रीत होती. मूल जन्मलं की सहाव्या रात्री सटवाई त्याचं नशीब लिहायला येते, म्हणून पाळण्यापाशी कोरा कागद आणि बोरू ठेवायचा. जसा कागद, तसं पोर, अशी गावाची पक्की समजूत.

गावात एक पंत होते. त्यांच्या पाळण्यापाशी म्हणे सात कागद होते, सोन्याच्या टोकाचा बोरू होता आणि शाईत केशर खललं होतं. बाराव्या वर्षी पंतांनी राजाच्या स्वागताला चार ओळी रचल्या. राजा खूश, गाव धन्य. त्यानंतर पंतांनी फारसं काही लिहिलं नव्हतं, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ओसरीवर बसून ते म्हणायचे, सुचलं की लिहीन.

एका पेठेत असाच एक अत्तरवाला होता. कुपी उघडली तर वास उडेल, या भीतीने त्याने गिऱ्हाइकापुढे कधी बूच काढलं नाही. त्याचं अत्तर सगळ्यात भारी, असं सगळे मानायचे. दहा वर्षांनी कुणीतरी कुपी उघडली, तेव्हा आत नुसता चिकट तळ होता. असो. आपण गावात परत येऊ.

त्याच गावात एक कासारीण होती. टोपली डोक्यावर घेऊन दारोदार बांगड्या भरणारी. तिच्या जन्मावेळी घरात कागद कुठला? आईने पळसाचं पान ठेवलं होतं. हे सगळ्या गावाला ठाऊक. तिला लिहायचा नाद लागला, तेव्हा ती आधी पंतांकडेच गेली. पंत वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला प्रेमाने समजावलं की लिहिणं उपजत लागतं, उगीच मनाला लावून घेऊ नये. ओसरीवरचा एक जण मात्र म्हणाला, "कासारीणबाई, तुमच्या पाळण्यापाशी पळसाचं पान होतं. सटवाई त्यावर जेवून गेली असेल, लिहून कशाला जाते?"

हशा पिकला. तीही हसली, कारण विनोद चांगला होता. पण घरी जाताना घाटावर थांबली.

घाटाच्या पायऱ्यांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली होती. कुठली पायरी कुणाची, हे धुणं धुणाऱ्या बायकांना तोंडपाठ. कासारीण त्यांना नाव विचारी आणि अक्षरांवरून बोट फिरवी. पायऱ्या संपेपर्यंत तिला अक्षरं आली. मग तिने फळीवर बारीक धूळ पसरून धूळपाटी केली. त्या राज्यात लिहायची पद्धत अशी, की आधी कागदभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं टांगायची. वाक्य सुचलेलं असो वा नसो, ती रोज रेघ ओढायची. रिकामी रेघ बघवत नाही, मग काहीतरी टांगावंच लागतं. दिवसभरात कुणाच्या दारी काय ऐकलं, ते ती लिही. वाईट जमलं की हाताने पुसून पुन्हा लिही.

लिहिलेल्या प्रत्येक दिवसाची एक रेघ ती भिंतीवर चुन्याने ओढायची. एकदा लग्नसराईत दमून आली आणि न लिहिताच रेघ ओढून मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने ती रेघ पुसू लागली. शेजारची म्हातारी सुईण बघत होती.

"राहू दे की ग. कोण मोजतंय?"

"मी मोजते, आजी."

अशी सात वर्षं गेली. आणि एके दिवशी राजाचा हरकारा हुकूम घेऊन आला. बुधवारचा बाजार पुढच्या अवसेपासून गडाखाली भरेल. कुणाला काही म्हणायचं असेल तर हा शिक्क्याचा एक कागद. दहा दिवसांनी परत न्यायला येईन.

बाजार गेला तर गाव उठलं, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. कागद अर्थातच पंतांकडे गेला. गावकरी रोज ओसरीवरून चक्कर मारायचे आणि आत शांतता असली की समाधानाने म्हणायचे, लिहिताहेत वाटतं.

दहाव्या दिवशी हरकारा पारावर येऊन बसला. सगळा गाव पंतांच्या ओसरीवर जमला. पंतांनी कागद पुढे केला. त्यावर रेघसुद्धा नव्हती.

"पहिली ओळच मनासारखी येईना," पंत खाली बघत म्हणाले. "कागद एकच. एखादा शब्द खोडावा लागला असता तर लोक काय म्हणाले असते?"

कासारणीच्या मनात आलं, आपण लिहावं. चुकलं तर बाजार हिच्यामुळे गेला, असं जन्मभर ऐकावं लागणार होतं. तरी तिने हात पुढे केला आणि कागद मागितला. लगेच कुजबुज सुरू झाली. पळसाचं पान पुन्हा निघालं.

तेव्हा सुईण काठी टेकत उठली.

"या दोघांच्या बाळंतपणाला मीच होते. सातव्या दिवशी सकाळी पंतांच्या पाळण्यापाशचे कागद माझ्याच हातांनी उचलले. सातही कोरे होते. हिचं पानही कोरं होतं. चारशे पोरं काढली मी या गावात. लिहिलेला कागद अजून पाहायचा आहे."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत, आजी?" कुणीतरी विचारलं.

"कुणी विचारलं? आणि पंतांच्या घरून लुगडं मिळालं होतं मला."

कासारीण तिथेच बसली. रेघ ओढायची सवय हाताला होती. रेघ सरळ आली. मग तिने लिहिलं:

"महाराज, आमच्या बाजारात बऱ्याच बायका काही विकत घेत नाहीत. माहेरचं कुणी भेटेल म्हणून येतात. मी बांगड्या भरते, तेव्हा त्यांचा हात माझ्या हातात असतो आणि डोळे वाटेकडे. मीठ आणि गूळ गडाखालीही मिळेल. पण तिथे जायला-यायला दोन दिवस लागतात, आणि दोन दिवसांची मोकळीक कुठल्याही सासरी मिळत नाही."

दरबारात कागद वाचला गेला. राजाने विचारलं, की वरच्या ओळीत काय खोडलं आहे. चिटणीस चाचरत म्हणाला, "आधी 'सर्वज्ञ महाराज' लिहिलं होतं. मग 'सर्वज्ञ' खोडलंय."

राजाला हसू आवरेना. "बरोबर आहे. मला सगळं माहीत असतं, तर तिला लिहायची काय गरज होती? बाजार आहे तिथेच राहू द्या."

पुढच्या बुधवारी बाजार गच्च भरला. संध्याकाळी टोपली आवरताना कासारणीने मान वर केली, तर समोर पंत. काखेत कोरी करकरीत धूळपाटी.

"मला सुचत काहीच नाही, बाई," ते म्हणाले.

"बसा," ती म्हणाली. "आधी रेघ ओढा."

वर्षभराने पंतांच्या ओसरीच्या भिंतीवर चुन्याच्या बऱ्याच रेघा झाल्या. लोक सांगतात, तेव्हा त्यांनी लिहिलेलं त्या जुन्या चार ओळींपेक्षा कितीतरी चांगलं होतं. खोडाखोडही भरपूर होती.

बोध एवढाच: सटवाई सगळ्यांचाच कागद कोरा सोडते, रोज रेघ ओढणाऱ्याला आणि खोडायला न भिणाऱ्याला लिहिणं येतं.

आणि मंडळी, एक विनंती. तुम्हीही घरी भिंतीवर रेघा ओढू लागलात, तर ज्या दिवशी लिहिलं नाही त्या दिवसाची जागा मोकळी ठेवा. दुसरं कुणी मोजणार नाही, म्हणून तेवढा हिशेब तुम्हीच खरा ठेवा.