सरकारांच्या गाडीचा ठसका

"बारा वाजेपर्यंत हा दिवा विझला नाही, तर गॅरेज रिकामं कर!"

एवढं म्हणून सरकारांनी गाडीच्या टपावर थाप मारली. सरकार म्हणजे आमच्या गावचे जुने संस्थानिक, गॅरेजची जागाही त्यांचीच. तिथं वीस वर्षं मी, दिगंबर लोहार, पाय रोवून बसलेलो. पाटीवर 'गाड्यांचे डॉक्टर' असं मीच लिहून घेतलंय. दुसरं कुणी लिहिलं नसतं, म्हणून!

तर सरकारांच्या गाडीत स्टिअरिंगसमोरच्या वेगाच्या काट्याशेजारी इंजिनाचा पिवळा दिवा लागायचा. माझा स्कॅनर सांगायचा, सायलेन्सरच्या पाइपातला ऑक्सिजन सेन्सर तापत नाही. हा सेन्सर म्हणजे गाडीचं नाक. तो धूर हुंगतो आणि पेट्रोल किती सोडायचं ते इंजिनाला कळवतो. गार असला की त्याला वासच येत नाही, म्हणून त्याच्या पोटात बारीकसा हीटर असतो. हीटर तापत नाही म्हणजे सेन्सर गेला, असं मी छाती फुगवून जाहीर केलं आणि नवा बसवला. आठवड्यात दिवा परत! पुन्हा बदलला. दिवा परत! तिसऱ्यांदा बदलला तेव्हा सरकारांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. आज मात्र बोलले.

"तीनदा खोललीस माझी गाडी! आता पाना लावायचा नाही, कॉम्प्युटर लावायचा नाही, आणि नवा पार्ट तर नाहीच नाही. आधी नुसता दोष दाखव!"

"सरकार, हत्याराशिवाय कसं..."

"ते तुझं तू बघ!"

मी गाडीभोवती चार चकरा मारल्या. चष्मा पुसला. टायर दाबून पाहिला. टायरचा इथं काय संबंध, ते मला आजही सांगता येणार नाही.

तेवढ्यात टोपली घेऊन सगुणाक्का आली. दर शनिवारी दुकानोदुकानी लिंबू-मिरची विकणारी बाई.

"मेस्त्री, आज एक का दोन?"

मी डोळे वटारून तिला गप्प केलं. सरकारांना या प्रकाराचा भारी तिटकारा. 'माझ्या गाडीला लिंबू लटकलेलं दिसलं तर याद राख,' अशी त्यांची सक्त ताकीदच होती मला.

"काय झालंय, सरकार?" तिनं विचारलं. सरकारांनी रागारागानं सगळं सांगितलं, हत्यार न लावायची अटसुद्धा. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "पाना नगं तर नगं. नाक लावलं तर चालंल का?"

"चालेल! याचं डोकं चाललं नाही, निदान तुझं नाक तरी चालू दे!"

"मग गाडी सुरू करा."

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. सगुणाक्का बॉनेटपासून वाकून हुंगत हुंगत निघाली. गाडीच्या मध्यावर आली आणि तिला असा ठसका लागला की बस्स! मागोमाग सरकारांना लागला, मग ड्रायव्हरला, मग मला.

"राणीसाहेबांना रोज हाच ठसका लागतो!" सरकार खोकत म्हणाले.

"धूर जास्त येतोय ना, सरकार," मी घाईघाईनं म्हणालो. "म्हणून तर मी म्हणत होतो, सेन्सरच..."

"धूर न्हवं, मेस्त्री! फोडणी हाय ही!"

तिनं गाडी बंद करायला लावली. हाताला पदर गुंडाळला, खाली बसली आणि गाडीच्या पोटाखाली हात घातला. बाहेर काय आलं? लिंबू-मिरची! मग आणखी एक. मग आणखी एक! तापल्या पाइपाला टेकून मिरच्या भाजून काळ्याठिक्कर पडलेल्या.

"दोरा माझाच हाय," ती म्हणाली. "दर शनवारी मेस्त्री घिऊन जात्यात, पन गॅरेजच्या दाराला कधी दिसलं न्हाई. ही सगळी हितं सेन्सरच्या वायरीच्या जोडाला बांधलीती!"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तिनं हातानंच जोड सुटा करून दाखवला. आतल्या पिना हिरव्यागार!

"तांब्याच्या घागरीला लिंबू चोळून इसरलं की असंच हुतंय."

लिंबाचा रस जोडात झिरपत होता, हीटरला करंट पोचत नव्हता, आणि हा गाड्यांचा डॉक्टर धडधाकट सेन्सर फेकून देत होता! दृष्ट लागू नये म्हणून पहिलं लिंबू यानंच सरकारांना दिसणार नाही असं खाली बांधलेलं, वर दिवा परत लागला की म्हणायचा, गाडीला दृष्ट जबरदस्त लागलीय, आणखी एक लिंबू बांधू.

दोष दिसल्यावर सरकारांनी मला हात लावायची परवानगी दिली. मी पिना घासल्या, जोड नीट बसवला, स्कॅनरनं जुनी नोंद पुसली. गाडी नदीच्या पुलापर्यंत जाऊन आली. दिवा नाही, ठसका नाही! पण सरकारांचा पारा काही उतरला नव्हता.

"मी बंदी घातली असताना यानं लिंबू बांधलं! आणि बाई, तूही सुटत नाहीस. सांग, लिंबू खरं की खोटं? खरं म्हणालीस, तर त्यानं माझीच गाडी बिघडवली. खोटं म्हणालीस, तर तू गावाला फसवतेस. उत्तर पटलं नाही, तर उद्यापासून दोघांनीही इथं दिसायचं नाही!"

वीस वर्षांची जागा एका बाईच्या जिभेवर येऊन बसली होती, आणि तिला तर मी सकाळी डोळे वटारले होते.

सगुणाक्कानं टोपली काखोटीला मारली.

"खरं, सरकार! अगदी खरं! गाडीला ज्याच्यापासनं धोका, त्याला गाडीपासनं लांब ठेवायचं, एवढंच लिंबाचं काम. वीस वर्सं ह्यो मेस्त्री तुमच्या गाड्या खोलतोय, कुनाला थांबवता आला न्हाई. आज तुमीच म्हणालासा, गाडीला पाना लावायचा न्हाई! केलं का न्हाई लिंबानं काम?"

सरकारांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या पाटीकडे बघितलं आणि असे खदाखदा हसले की मिरचीशिवायच ठसका लागला!

"बाई, गॅरेजच्या तोंडाशी असलेली जागा आजपासून तुझी. छप्पर मी घालून देतो. आणि दिगू, तूही राहा. पण गाडी आली की आधी ही हुंगणार, मग तू पाना लावणार!"

तेव्हापासून माझा धंदा दुप्पट झालाय. फक्त गिऱ्हाईक गाडीतून उतरायच्या आधी मला विचारतं, "सगुणाक्का आहेत ना? नसल्या तर उद्या येतो."