गोगलगाईचा घास

एक होती गोगलगाय. बोराएवढी. ती राहायची हौसामावशीच्या गॅलरीत.

गॅलरीत होता एक ओंडका. ओंडक्यावर उगवायची अळंबी. तपकिरी टोपीची, मऊ मऊ. तिचं नाव शिताके. गोगलगाय रोज तिचा एक घास खायची.

एकदा खूप ऊन पडलं. ओंडका वाळला. शेवटची अळंबी सुकून पडली. टप्प!

गोगलगाय उपाशी.

"ओंडकेदादा, ओंडकेदादा, अळंबी दे ना!"

"मला तहान लागलीय. टबानं पाणी दिलं, तर देईन."

गोगलगाय निघाली. सुळुक सुळुक.

"टबदादा, टबदादा, पाणी दे ना!
ओंडका अळंबी देईना,
मला घास मिळेना!"

"मी तर रिकामा. नळानं भरलं, तर देईन."

सुळुक सुळुक.

"नळदादा, नळदादा, टब भर ना!
टब पाणी देईना,
ओंडका अळंबी देईना,
मला घास मिळेना!"

"मी तर बंद. मावशीनं सोडलं, तर भरीन."

सुळुक सुळुक.

"मावशी, मावशी, नळ सोड ना!
नळ टब भरेना,
टब पाणी देईना,
ओंडका अळंबी देईना,
मला घास मिळेना!"

"कशी सोडू गं बाई? कडेवर भाचा आहे, छबू. तो उतरला, तर सोडीन."

छबू नुकताच चालायला शिकला होता. एकदा पडला होता. धप्प! तेव्हापासून कडेवरच.

गोगलगाय भिंतीवर चढली. सुळुक सुळुक. छबूच्या नाकासमोर आली.

"छबू, छबू, उतर ना!
मावशी नळ सोडेना,
नळ टब भरेना,
टब पाणी देईना,
ओंडका अळंबी देईना,
मला घास मिळेना!"

छबूनं तिच्याकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं.

"तू एवढं चाललीस?"

"हो."

"एकटी?"

"हो. हळूहळू."

छबूनं खाली जमिनीकडे पाहिलं. मग म्हणाला, "मावशी, मला खाली सोड."

छबू उतरला.
मावशीनं नळ सोडला. धो धो धो!
नळानं टब भरला.
मावशीनं ओंडका टबात ठेवला.
ओंडका पाणी प्यायला. बुड बुड बुड! दिवसभर प्यायला. रात्रभर प्यायला.

"आता अळंबी?"

"थांब जरा," ओंडका म्हणाला.

एक दिवस गेला. काही नाही. दोन दिवस गेले. काही नाही. गोगलगाय बसून राहिली. छबूही शेजारी बसला.

"मावशी, कधी येणार गं?"

"येईल तेव्हा येईल, राजा. आपण ओढून काढायची नाही."

मग एका सकाळी सालीतून काहीतरी डोकावलं. बटणाएवढं. मग टोपीएवढं. मग टोप्याच टोप्या!

मावशी टोपली घेऊन आली. एक खुडली, दोन खुडल्या, तीन खुडल्या.

"ती नको!" छबू म्हणाला. "ती हिची आहे."

मावशीनं ती ओंडक्यावरच ठेवली.

गोगलगाय टोपीवर चढली. तिनं एक घास घेतला. आणखी एक घेतला. पोटभर खाल्लं.

अळंबीला एक भोक पडलं. एवढुस्सं.

छबूनं भोकाला डोळा लावला.

पलीकडे आभाळ होतं.