खिंडीखालचा मुक्काम

फार पूर्वी वेत्रवती नगरीत राजा दृढधन्वा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व एका विणकराच्या कुळात जन्मले होते. त्यांचे नाव सोणक. ते घोंगड्या विणत आणि त्यांची पत्नी कुवला लोकर कातत असे. दोघांना एकच मुलगा होता. तो मीठ आणायला निघालेल्या एका तांड्याबरोबर पहाडात गेला आणि परत आला नाही. वाटेत त्याला ताप भरला होता. बर्फ पडून खिंड बंद व्हायच्या आत तांड्याला पलीकडे पोचायचे होते. म्हणून त्यांनी त्याला एका ओसाड झोपडीत निजवले, उशाशी पाणी ठेवले आणि ते निघून गेले. ही हकीकत तांड्यातल्याच एकाने नंतर घरी येऊन सांगितली. त्या दिवसापासून कुवलेने कुणाच्या घरी मंगलकार्याला जाणे सोडले. बोधिसत्त्व माग चालवीत राहिले, कारण थंडी दरवर्षी येते आणि लोकांना घोंगड्या लागतातच.

हिमवंतात शीतोदा नावाचे एक सरोवर होते. आश्विनातल्या पौर्णिमेची रात्र जो त्या सरोवराच्या काठावर निजून काढतो, त्याच्या मेलेल्या माणसाला चांगला जन्म मिळतो, अशी लोकांची श्रद्धा होती. कुवलेने ही गोष्ट मनात धरून ठेवली होती. केस पांढरे झाले, गुडघे दुखू लागले, तेव्हा एके दिवशी ती नवऱ्याला म्हणाली की आता गेलो नाही तर कधीच जाणे होणार नाही. बोधिसत्त्वांना त्या श्रद्धेची खात्री नव्हती. पण पत्नीच्या मनाला थोडा विसावा मिळेल, तर तेवढेही पुष्कळ, असा विचार करून ते यात्रेला निघाले.

त्यांच्या संघात नाना प्रकारची माणसे होती. संघाचा नायक सुदंत नावाचा एक वृद्ध पुरोहित होता. तो ही वाट पूर्वी चालून आलेला होता. त्याच संघात पूर्णक नावाचा धान्याचा मोठा व्यापारी होता. तो आपल्या वारलेल्या आईसाठी निघाला होता. शरीराने तो धिप्पाड होता आणि मागे राहणे त्याला ठाऊक नव्हते.

पहाडात दिवस चालण्यात जातो, आणि चालताना माणूस एकाच गोष्टीचा विचार करतो की आज निजायला कुठे मिळेल. कधी भूर्जाच्या झाडांखाली मुक्काम पडे, कधी गुहेत, कधी कुण्या राजाने बांधलेल्या दगडी धर्मशाळेत. पूर्णकाचे नोकर दुपारनंतर पुढे धावत जात आणि चुलीजवळची, भिंतीकडेची जागा अडवून मालकाचे अंथरूण पसरून ठेवीत. सोणक आणि कुवला सगळ्यांच्या मागून पोचत. तोवर दाराजवळची जागाच उरलेली असे. तिथे रात्रभर वारा लागे. कुवला चिडे, पण बोलायलाही तिच्या अंगात त्राण नसे. एकदा तिने नवऱ्याला विचारले की तुम्ही त्या माणसाला काहीच कसे म्हणत नाही. बोधिसत्त्व म्हणाले की तोही दमतो, आणि दमलेल्या माणसाशी जागेवरून भांडले तर दोघांचीही झोप जाते.

वाट वर चढत गेली. झाडे संपली. शिजवलेला भात आतून कच्चा राहू लागला. डोकी जड झाली, बोलणी कमी झाली. डोळा लागतो न लागतो तोच माणसे श्वास अडकल्यासारखी दचकून उठत आणि अंधारात बसून राहत. सकाळी कुणीही ताजेतवाने नसे. चालायचे म्हणून सगळे चालत.

वाटेच्या कडेला जागोजागी दगडांचे ढीग रचलेले होते. सरोवराकाठी मरण येऊन ज्यांना मुक्ती मिळाली, त्यांच्या नावाने ते रचलेले आहेत, असे सुदंत सांगे आणि प्रत्येक ढिगाला हात जोडे. बोधिसत्त्वही हात जोडत. मग ते विचारत की या माणसाला मुक्ती कशी मिळाली. सुदंतला आठवे ते तो सांगे. कुणाचे डोके फुटेल असे दुखत होते, कुणाला उलट्या होत होत्या, कुणाचे पाय दारू प्यायल्यासारखे पडत होते. तशाच अवस्थेत ते सरोवराकाठी निजले आणि उठलेच नाहीत. बोधिसत्त्व ऐकून घेत आणि पुढे चालू लागत. खिंडीच्या अलीकडे एका मेंढवाड्याशी संघ थांबला, तेव्हा त्यांनी तिथल्या मेंढपाळणीला विचारले की तुम्ही मेंढ्या घेऊन वर का राहत नाही. ती म्हणाली की वर गवत चांगले आहे, म्हणून दिवसा वर नेतो. निजायला मात्र खाली येतो, वर कुणालाच नीट झोप लागत नाही. एवढे बोलून ती आपल्या कामाला लागली.

पौर्णिमेच्या दिवशी दुपार कलली असताना संघ खिंडीत पोचला. पलीकडे, फार दूर नाही अशा अंतरावर, शीतोदा सरोवर दिसत होते. पाणी अगदी निश्चल होते. कित्येक जण ते पाहून रडू लागले. कुवला एका खडकावर बसली आणि पाहत राहिली. तिला उठवत नव्हते.

पूर्णक त्या दिवशी नेहमीसारखाच सगळ्यांच्या पुढे होता. पण संघ खिंडीत आला, तेव्हा तो वाटेत बसलेला दिसला. त्याला ओकाऱ्या येत होत्या. उठून उभा राहिला की तो तिरपा चालत जाई आणि पुन्हा बसे. एका नोकराला तो मेलेल्या भावाच्या नावाने हाका मारीत होता. नोकर घाबरले. सुदंतने जवळ येऊन त्याचे डोळे पाहिले आणि तो म्हणाला की यांना सरोवराने बोलावले आहे. यांना उचलून काठावर न्या, असे मरण फार थोड्यांना मिळते.

बोधिसत्त्व हातातली काठी टेकून उभे होते. ते म्हणाले, "नायक, यांना खाली नेले पाहिजे. वाटेत तुम्ही ज्यांच्या कथा सांगितल्या, त्या सगळ्यांची दशा अशीच होती. ते वर निजले, म्हणून गेले. हा माणूस अजून चालतो आहे. आज रात्री तो खाली निजला, तर जगेल असे मला वाटते."

"आणि नाही जगला तर?" सुदंतने विचारले. "मग मुक्तीही गेली आणि जीवही गेला. हे पाप कुणाच्या माथी?"

"माझ्या," बोधिसत्त्व म्हणाले.

सुदंत वाईट माणूस नव्हता. त्याने जन्मभर जे खरे मानले, तेच तो बोलत होता. त्याने नोकरांकडे पाहिले. नोकरांना आपापल्या घरच्या मेलेल्यांसाठी रात्र काढायची होती. त्यासाठीच ते इतक्या लांबवर ओझी वाहत आले होते. ते खाली मान घालून उभे राहिले. थोड्या वेळाने एक जण म्हणाला की विणकरबाबा नेत असतील तर नेऊ देत, उद्या सकाळी आम्ही येऊन गाठू. मग संघ सरोवराकडे उतरू लागला.

बोधिसत्त्व कुवलेजवळ गेले. "तू त्यांच्याबरोबर पुढे जा," ते म्हणाले. "तुझी रात्र चुकवू नकोस. मी उद्या इथेच येऊन भेटतो."

कुवला पाण्याकडे पाहत होती.

बोधिसत्त्वांनी पूर्णकाचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि त्याला उभे केले. तो फार जड होता. थोडे अंतर गेल्यावर उतारावर बोधिसत्त्वांचा पाय सरकला आणि दोघेही गुडघ्यांवर पडले. ते पुन्हा उठले, पुन्हा पडले. तिसऱ्यांदा उठायला जाताना त्यांना दिसले की पूर्णकाचा दुसरा हात कुणीतरी उचलला आहे. कुवला खडकावरून उठून आली होती. तिचा चेहरा रागाने आणि रडण्याने सुजला होता.

"आपल्या लेकराला कुणी असं उचललं नाही," ती म्हणाली. "चला."

तिघे उतरत राहिले. ज्या वाटेवर सकाळी प्रत्येक पावलाला धाप लागली होती, तीच वाट आता गुडघे मोडीत होती. पूर्णक मध्येच थांबे आणि मागे वळायला बघे. "विणकरा, तू माझं पुण्य चोरतो आहेस," तो म्हणे. "मला आईपाशी जाऊ दे." बोधिसत्त्व त्याला काही समजावून सांगत नसत. ते फक्त त्याचा हात सोडत नसत.

सूर्य डोंगराआड गेला, तेव्हा आदल्या रात्रीची दगडी धर्मशाळा आली. आत कुणी नव्हते. चुलीत राख उबदार होती, भिंतीकडची सगळी जागा मोकळी होती. कुवला आत जाऊन जमिनीवर बसली आणि म्हणाली की आता एक पाऊलही पुढे टाकवत नाही, आज इथेच राहू. बोधिसत्त्वांनाही तेच हवे होते. त्यांचे डोळे आपोआप मिटत होते. त्यांनी पूर्णकाला दारातून भिंतीपर्यंत चालायला सांगितले. तो अडखळत, भलतीकडेच गेला. बोधिसत्त्व क्षणभर चुलीकडे पाहत राहिले. मग ते म्हणाले की अजून खाली जावे लागेल. कुवला भिंतीला धरून उठली.

ते मेंढवाड्याशी पोचले, तेव्हा चांदणे पडले होते. मेंढपाळणीने दूध तापवून दिले आणि मेंढ्यांना जरा बाजूला सारून जागा करून दिली. लेंड्यांच्या वासात, लोकरीच्या उबेत, कुवला पडल्या पडल्या झोपली. बोधिसत्त्वांनी पूर्णकाला गवताच्या भाऱ्याला टेकवून बसते केले, त्याच्या अंगावर आपली घोंगडी घातली आणि ते त्याचा श्वास ऐकत राहिले. वर सरोवराकाठी आता सगळे निजले असतील, असे त्यांच्या मनात आले. मुलाचा चेहरा त्यांनी आठवून पाहिला. दमल्यामुळे तोही नीट आठवेना. पण शेजारचा श्वास हळूहळू सावकाश झाला, आणि तो ऐकता ऐकता त्यांचाही डोळा लागला.

सकाळी पूर्णक जागा झाला. डोके दुखायचे थांबले होते. त्याला भूक लागली होती, आणि आपण कोण, कुठे, हे त्याला नीट कळत होते. म्हणूनच काय घडले हेही त्याला कळले. तो उठून बसला आणि वर खिंडीकडे पाहत राहिला.

"मला विचारलं होतं का कुणी?" तो म्हणाला. "आई गेली तेव्हा मी दुकानात बसलो होतो. ती बोलावत होती, तरी गेलो नाही. एवढी एक रात्र मी तिला देणार होतो." बोलता बोलता तो मोठा माणूस हातांत तोंड लपवून रडू लागला.

कुवला सातूचे पीठ दुधात कालवीत बसली होती. ती म्हणाली, "माझ्या मुलाचंही राहिलं, बाबा. तुम्ही एकटे नाही." मग तिने वाडगा त्याच्यापुढे ठेवला. "खा आता. चालायचं आहे."

पूर्णकाने तिच्याकडे पाहिले. ही दोघे कुणासाठी निघाली होती, हे त्याने आजवर विचारले नव्हते. त्याने वाडगा उचलला आणि तो खाली मान घालून खाऊ लागला.

दुपारी संघ परत आला. सगळे थंडीने काळवंडले होते, पण त्यांच्या चेहऱ्यांवर काम पुरे झाल्याचे समाधान होते. पूर्णक जिवंत आहे हे पाहून सुदंत थबकला. उतरताना वाटेतल्या दगडांच्या ढिगांपाशी तो पूर्वीसारखे हात जोडी, पण कुणाला कशी मुक्ती मिळाली, हे तो सांगेनासा झाला. संघातले लोक विणकर नवराबायकोकडे कीव येऊन पाहत, कारण दाराशी येऊन ती दोघे रिकामी परतली होती.

नोकर पुढे धावू लागले, तेव्हा पूर्णकाने त्यांना थांबवले. पायथ्यापर्यंत तो म्हाताऱ्यांच्या चालीने चालला. वाटा वेगळ्या झाल्या त्या ठिकाणी तो उभा राहिला. आभार मानणे त्याला जमले नाही.

"तुमच्या मुलाचं नाव काय होतं?" त्याने विचारले.

"सुमन," कुवला म्हणाली. कित्येक वर्षांत ते नाव तिने मोठ्याने उच्चारले नव्हते.

पूर्णकाने ते नाव एकदा स्वतःशी म्हटले आणि तो आपल्या वाटेने गेला. सोणक आणि कुवला घरी परतली. पुन्हा शीतोदेला जाण्याचे बळ त्यांना उरले नाही, आणि कुवलेने तो विषयही कधी काढला नाही.

पुढे बुद्ध झालेल्या शास्त्यांनी ही कथा जेतवन विहारात सांगितली, ती वत्सपाल नावाच्या एका भिक्खूमुळे. पावसाळ्यातला वर्षावास संपल्यावर पौर्णिमेच्या सभेत शास्त्यांजवळ बसता यावे म्हणून तो घाईने आला होता. त्याच्या सोबतचा भिक्खू वाटेत आजारी पडला. त्याला एका कुंभाराच्या पडवीत सोडून वत्सपाल पुढे आला आणि सभेत अगदी पुढची जागा धरून बसला. हे इतरांना कळले होते आणि त्यांच्यात कुजबुज चालली होती. शास्त्यांनी त्याला दोष दिला नाही. त्यांनी फक्त ही गोष्ट सांगितली आणि शेवटी म्हटले, "भिक्खूंनो, त्या वेळचा सुदंत म्हणजे आजचा सारिपुत्त. मेंढपाळीण उप्पलवण्णा होती. कुवला म्हणजे राहुलमाता. सोणक विणकर मीच होतो. आणि वत्सपाला, खांद्यावर घेऊन ज्याला खाली उतरवले, तो पूर्णक तू होतास."

दूरच्या प्रवासाने वत्सपालाचे पाय सुजलेले होते. तरी तो उठला, त्याने वंदन केले, पात्र आणि चीवर घेतले आणि तो आल्या वाटेने परत निघाला.

तो गेल्यावर शास्ता म्हणाले, "अन्न देता येते, वस्त्र देता येते. आपल्याला मिळू घातलेले पुण्यही ज्याला दुसऱ्यासाठी सोडता आले, त्याचे देणे पुरे झाले. हीच दानाची पूर्णता, दानपारमी." सभेतल्या सगळ्यांनी ते ऐकले. वत्सपाल मात्र तोवर पहिले वळण ओलांडून गेला होता.