बुधीबाईचा वाघोबा हायकोर्टात

डोंगरावरच्या वाघोबाला दिवाळीतल्या वाघबारशीला शेंदूर लावायचा मान बुधीबाईच्या घराण्याचा. यंदा जंगलखात्याच्या नव्या साहेबाने वाटेवर फाटक बसवून कुलूप घातलं आणि बजावलं, "देव घरूनच आठवायचा." पूजा चुकणार म्हणून बुधीबाईला घास गोड लागेना. तिने थेट हायकोर्ट गाठलं.

सरकारी वकिलांनी पाऊण तास एकच दळण दळलं. धर्म ही अंतःकरणाची बाब आहे, मनातल्या मनात हात जोडले तरी देवाला पोचतं, त्यासाठी डोंगर चढायची गरज नाही.

न्यायमूर्तींनी विचारलं, "बाई, तुम्हाला काही सांगायचंय?"

"साहेब, मग हे वकीलसाहेब तरी इतके जिने कशाला चढले?" बुधीबाई म्हणाली. "घरीच मनातल्या मनात बोलायचं. तुम्हाला पोचलं असतं."

कोर्टात खसखस पिकली. न्यायमूर्तींनी हसू लपवायला तोंडासमोर फाइल धरली आणि मग निकाल दिला, "धर्म नुसता मानायचा नसतो, आचरायचाही असतो. तो हक्क कुलपात ठेवता येणार नाही."

वाघबारशीला फाटक उघडायला साहेब स्वतः किल्ली घेऊन आला. बुधीबाईने वाघोबाला शेंदूर लावला आणि बोटाला उरलेला शेंदूर साहेबाच्या कपाळाला पुसला.